‘गाय वेगळी’ हे उत्तर चूक आहे का?

पत्र:

“माझी लेक साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. मध्यंतरी फोनवर फिरणारं एक आकड्यांचं कोडं घरात सगळ्यांनी सोडवायला घेतलं. तिचे बाबा इंजिनिअर आहेत. ते कितीतरी वेळ बेरजा-वजाबाक्या करत बसले. लेकीने कागद बघितला आणि दोन मिनिटांत उत्तर सांगितलं. तेव्हापासून ती घरातली ‘हुशार’ ठरली. आल्यागेल्यासमोर तिला कोडी घातली जाऊ लागली. मग शाळेतून सरावाचा कागद घरी आला. त्यात प्रश्न होता: कुत्रा, मांजर, गाय, हाड, यांत वेगळं कोणतं? तिने गाईभोवती गोल केला होता आणि त्यावर लाल फुली होती. असेच आणखी दोन प्रश्न चुकले होते. बाबा म्हणाले, ‘नीट विचार कर.’ तर तिने लगेच मांजरावर बोट ठेवलं, मग कुत्र्यावर. आता कोडं म्हटलं की ‘मला नाही येत’ म्हणून उठून जाते. ती खरंच हुशार आहे की आम्हीच तिला डोक्यावर घेतलं? मोठ्यांसारखा विचार करायला तिला शिकवू का? कोड्यांच्या क्लासला घालावं का?” – एक आई

ताई,

आधी त्या गाईबद्दल बोलू. तुम्ही लेकीला ‘गाय का गं?’ असं विचारल्याचं पत्रात कुठे नाही. ‘नीट विचार कर’ असं सांगितलंत, फुली दाखवलीत, पण तिने गाय का निवडली हे बहुधा कुणीच विचारलं नाही. शांत वेळ बघून विचारा, आणि विचारताना तो कागद समोर ठेवू नका. मला वाटतं, उत्तर साधारण असं येईल: कुत्र्याला हाड लागतं, कुत्रा मांजराच्या मागे धावतो, गाईचं यात काहीच काम नाही. म्हणजे चारातल्या तिघांची तिने एक गोष्ट जुळवली आणि गोष्टीत न बसणारी गाय बाहेर काढली. कागद काढणाऱ्याने जिवंत आणि निर्जीव असे दोन गट मनात धरले होते. दोघांनीही नियम लावला, फक्त दोघांचे नियम वेगळे होते.

तिच्या वयात हे अगदी नेहमीचं आहे. १९७९ साली स्मायली आणि ब्राउन या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांना चित्रं दाखवून कशाबरोबर काय जातं ते विचारलं होतं. शाळेआधीची आणि पहिलीतली मुलं एका प्रसंगात एकत्र येणाऱ्या गोष्टींची जोडी लावत होती. पाचवीतली मुलं आणि कॉलेजचे विद्यार्थी एका जातीच्या गोष्टींची जोडी लावत होते. आणि म्हातारी माणसं? ती पुन्हा पहिलीतल्या मुलांसारखीच प्रसंगाने जोडत होती. घरात आजी-आजोबा असतील तर हाच प्रश्न त्यांना घालून बघा. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. प्रसंगाने जोडणं ही कच्ची पायरी असती, तर आयुष्यभर डोकं चालवलेली माणसं तिच्यावर परत कशाला आली असती? त्याच चार चित्रांकडे बघण्याच्या या दोन रीती आहेत आणि शाळेच्या वयात त्यांतली एक जास्त उपयोगी पडते, एवढाच याचा अर्थ.

आता त्या आकड्यांच्या कोड्याकडे येते. तुम्ही त्याचं वर्णन केलं नाहीत, पण ज्यात मोठे अडकतात आणि मुलं सुटतात असं फोनवर फिरणारं कोडं बहुतेक वेळा एकच असतं. इंग्रजी आकड्यांतल्या चार अंकी संख्या एकाखाली एक दिलेल्या असतात. आठ-आठ-शून्य-नऊ बरोबर सहा, सात-एक-एक-एक बरोबर शून्य, चार वेळा सहा बरोबर चार, असं करत शेवटी दोन-पाच-आठ-एक बरोबर किती, असा प्रश्न असतो. उत्तर दोन. इंग्रजी आठाच्या आकृतीत दोन बंद घेर आहेत, शून्य, सहा आणि नऊ यांत एकेक, कोड्यातल्या बाकीच्या आकड्यांत एकही नाही. घेर मोजायचे, बस्स.

तुमच्या यजमानांना हे का दिसलं नाही, ते समजून घ्या. आठ बघितला की त्यांना ‘आठ’ दिसतो, म्हणजे सातानंतरचा, चाराच्या दुप्पट असलेला. आकृती त्यांच्या डोळ्यांसमोर टिकतच नाही, क्षणात तिची किंमत होते. वर्षानुवर्षं आकडे हाताळून कमावलेला हा वेग आहे आणि रोजच्या कामात तो हवाच, नाहीतर साधा हिशेबसुद्धा जड जाईल. लेक मात्र अजून आकडे गिरवते आहे. आठ काढताना पेन्सिल कशी वळते, घेर नीट मिटला की नाही, हे तिच्यासाठी ताजं आहे. तिने कोडं सोडवलं म्हणण्यापेक्षा, कोड्यात जे विचारलं होतं तेच ती आधीपासून बघत होती असं म्हणणं जास्त बरोबर आहे. त्या कोड्याच्या माथ्यावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की शाळेआधीची मुलं हे पाच-दहा मिनिटांत सोडवतात आणि प्रोग्रॅमरना तासभर लागतो. हे कुणी, कधी, कितीजणांवर तपासलं, ते मात्र लिहिलेलं नसतं. त्यावरून मुलीच्या बुद्धीचा निकाल लावू नका, आणि तिच्या बाबांच्या बुद्धीचाही.

आपल्या देवनागरी आकड्यांवर तुम्ही स्वतः असं कोडं रचू शकता. ०, १ आणि ४ यांत एकेक बंद घेर आहे, २, ३ आणि ८ उघडे आहेत. म्हणजे १०४ बरोबर ३, २३८ बरोबर ०, ४२१ बरोबर २, तर ३१८ बरोबर किती? हे लेकीला सोडवायला देऊ नका. तिला सोबत घेऊन रचा आणि बाबांना घाला. कोडं रचणाऱ्याच्या बाजूला बसलं की मुलांना एक गोष्ट लख्ख कळते, की विचारणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं आणि ते समोरच्याला दिसत नाही. ‘वेगळं कोणतं’ या प्रश्नात लेकीला नेमकी हीच जाणीव कमी पडली.

वय वाढताना काय बदलतं, याची मला सर्वांत बोलकी वाटणारी चाचणी २००० साली जर्मन आणि डिफेटर यांनी प्रसिद्ध केली. (जर्मन हे त्या संशोधकाचं आडनाव आहे.) पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांना सांगितलं, की या खेळण्यातल्या पात्राला उंच फळीवर पोचायचं आहे, समोरच्या वस्तू वापरून मदत कर. वस्तूंमध्ये ठोकळे होते आणि एक खोकं होतं. ठोकळ्यांनी उंची पुरत नव्हती. खोकं उपडं करून त्यावर ठोकळे रचले की पोचता येत होतं. काही मुलांसमोर खोकं रिकामं ठेवलं आणि काहींसमोर त्यातच बाकीच्या वस्तू भरून दिल्या. खोकं रिकामं असो की भरलेलं, पाच वर्षांच्या मुलांना काही फरक पडला नाही. सहा-सात वर्षांची मुलं मात्र भरलेल्या खोक्यापाशी रेंगाळली. खोकं म्हणजे वस्तू ठेवायची जागा, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की त्यावर उभंही राहता येतं हे त्यांना चटकन सुचेना. तुमची लेक याच उंबरठ्यावर आहे. वस्तू कशासाठी असते हे तिला आता पक्कं कळू लागलंय. त्याची किंमत म्हणून काही कोडी तिला आधीपेक्षा अवघड जातील, आणि ती वाढते आहे म्हणूनच जातील.

नुसत्या नजरेचंही असंच आहे. दोन वर्तुळं घ्या, एकाभोवती मोठी वर्तुळं काढा आणि दुसऱ्याभोवती छोटी. मधली दोन्ही सारखी असली तरी आपल्याला छोट्यांनी वेढलेलं मोठं वाटतं. २०१० साली डोहर्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या चित्रात मोठी माणसं फसतात आणि सात वर्षांच्या आतली मुलं जवळपास फसतच नाहीत. आपण भोवतालासकट बघतो, लहान मूल समोरची एकच वस्तू बघतं. या एका चित्रात मूल जिंकतं. पण जिथे भोवताल लक्षात घ्यावाच लागतो, तिथे तेच मूल हरतं.

हरण्याची बाजूही मी मुद्दाम सांगते, कारण ‘मुलं निरागस असतात, त्यांना सगळं दिसतं’ हे ऐकायला गोड असलं तरी खरं नाही. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं आपलं जुनं कोडं घ्या. होडीत नावाड्याबरोबर एकालाच जागा आहे. वाघ-शेळी किंवा शेळी-गवत एकटे सोडायचे नाहीत. सात फेऱ्यांत सुटतं. मुलं कुठे अडकतात ते बघा: पलीकडे नेलेली शेळी परत आणावी लागते, तिथे. जे काम झालं ते उलटं फिरवायचं हे त्यांना पटतच नाही. ‘पण ती तर पोचली ना!’ म्हणतात. पुढच्या दोन पायऱ्या मनात धरून आज एक पाऊल मागे जायचं, हे मोठ्यांचं बळ आहे आणि ते वयाबरोबरच येतं. ते नाही म्हणून आज लेकीला कमी लेखायचं नसेल, तर घेर दिसले म्हणून तिला डोक्यावरही घेऊ नका.

फोनवर आणखी एक कोडं फिरतं, बसचं. बसचं चित्र असतं, दोन्ही टोकं हुबेहूब सारखी, आणि विचारतात की बस कुठल्या दिशेला चालली आहे. मुलं म्हणतात, दार दिसत नाही, म्हणजे दार पलीकडच्या बाजूला आहे. मग त्यावरून दिशा ठरवतात. अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि बसचं दारही उजवीकडे असतं, म्हणून तिथलं उत्तर डावीकडे. वाहनं जिथे डावीकडून चालतात तिथे उत्तर उजवीकडे. कितीतरी मोठी माणसं ‘डावीकडे’ हे उत्तर पाठ करून मुलांना तपासतात आणि बरोबर बघणाऱ्या मुलाला चूक ठरवतात. तुमच्या घरी हे होऊ देऊ नका.

आता ‘नीट विचार कर’ याविषयी. तुमच्या पत्रातली मला सर्वांत लागलेली जागा हीच आहे. बाबांनी ते म्हटलं आणि लेकीने गाईवरचं बोट उचलून मांजरावर ठेवलं. तिने विचार केला नाही, तिने बाबांचा चेहरा वाचला. मूल एकदा उत्तर देतं आणि मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतं, याचा मुलाच्या अनुभवात एकच अर्थ असतो: आधीचं चुकलं, दुसरं काहीतरी सांग. हे पडताळलेलं आहे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांची प्रसिद्ध चाचणी तुम्ही ऐकली असेल. सारख्या संख्येच्या वस्तूंच्या दोन रांगा मांडायच्या, सारख्या आहेत का विचारायचं, मग एक रांग पसरवायची आणि पुन्हा तेच विचारायचं. लहान मुलं लांब रांगेत जास्त वस्तू आहेत म्हणतात. १९७४ साली रोझ आणि ब्लँक यांनी पहिलीच्या वयाच्या मुलांना तो प्रश्न शेवटी एकदाच विचारला, तर चुका कमी झाल्या. चुकांतला काही भाग मुलांच्या समजुतीचा नव्हताच, दोनदा विचारण्याचा होता.

म्हणून घरात एक बदल आजपासून करा. उत्तर बरोबर येवो की चूक, दोन्ही वेळा एकाच आवाजात विचारा, ‘तुला हे कसं दिसलं, मला सांग.’ फक्त चुकल्यावर विचारलंत तर आठवड्याभरात तीही ‘चुकलं’ची खूण होऊन बसेल. बरोबर उत्तरालाही विचारलंत तर तिला कळेल की तुम्हाला खरंच ऐकायचंय. तिने सांगितल्यावर लगेच तुमचं उत्तर पुढे करू नका. पाहिजे तर म्हणा, ‘मी वेगळ्या रीतीने बघितलं, सांगू का?’ आणि ती नको म्हणाली तर खरंच सांगू नका.

मोठ्यांसारखा विचार शिकवू का, असं विचारलंत. शिकवा, पण तिची रीत चुकीची आहे म्हणून शिकवू नका. तिला सरळ सांगा की कागदावरच्या प्रश्नाला दोन उत्तरं असू शकतात, एक तुझं आणि एक कागद काढणाऱ्याच्या मनातलं. शाळेच्या कागदावर दुसरं लिहायचं असतं, कारण बाईंना तुझं कारण ऐकायला तिथे वेळ नसतो. घरी दोन्ही सांगायची. साडेसहा वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित कळतं. चार चित्रं घेऊन प्रत्येकाला वेगळं ठरवायचा खेळ खेळा. गाय वेगळी, कारण ती गोष्टीत नाही. हाड वेगळं, कारण ते जिवंत नाही. मांजर वेगळं, कारण ते झाडावर चढतं. कुत्रा वेगळा, कारण चोर आला की तो भुंकून घर जागं करतो. मग विचारा, ‘यातलं कागदवाल्याच्या मनात कोणतं असेल?’ काही दिवसांत ती तुमच्याआधी ओळखायला लागेल.

मात्र हे दुसरं उत्तर शिकवताना पहिलं पुसू नका. पहिलं पुसलं गेल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे सात ते नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवलं. ती मुलं मठ्ठ नव्हती. प्रश्नाला उत्तर असतंच, दिलेले सगळे आकडे वापरायचेच, आणि ‘हे मला पटत नाही’ असं म्हणायचं नाही, हे ती शिकली होती. तुमची लेक आज ‘मला नाही येत’ म्हणून उठून जाते. मला तिचं उठून जाणं त्या ७६ उत्तरांपेक्षा बरं वाटतं. निदान ती खोटं खोटं उत्तर देत नाहीये.

ती परत यावी असं वाटत असेल, तर पाहुण्यांपुढची कोडी आजच बंद करा, अगदी ताबडतोब. पुढे तिने स्वतःहून म्हटलं तरी तिने घालायचं आणि पाहुण्यांनी सोडवायचं असं ठेवा. ‘हुशार’ हा शब्दही काही दिवस बाजूला राहू द्या. हुशार ठरलेल्या मुलीला पुढचं प्रत्येक कोडं म्हणजे ती पदवी गमावण्याची भीती असते, आणि ती टाळायचा सोपा मार्ग म्हणजे कोड्याला हातच न लावणं. तिच्या वागण्याचं मला दिसणारं कारण हेच आहे.

तिच्या बाबांसाठीही एक काम आहे. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लचिन्स यांचं १९४२ चं कोडं त्यांनी लेकीसमोर बसून सोडवावं. तीन भांडी आहेत, अनुक्रमे २१, १२७ आणि ३ मापांची. त्यांनी १०० मापं पाणी मोजायचं. मधलं भरायचं, त्यातून पहिल्याने एकदा आणि तिसऱ्याने दोनदा पाणी काढायचं, झालं. याच रीतीने सुटणारी अशी चार-पाच उदाहरणं सोडवायची. मग २३, ४९ आणि ३ मापांची भांडी घेऊन २० मापं काढायची. बहुतेक जण इथेही तोच लांबचा रस्ता धरतात. खरं तर २३ मधून ३ काढले की काम झालं. लचिन्स यांनी काहींना मध्येच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ एवढंच लिहायला लावलं, तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जवळची वाट दिसली. आकडेमोड लेकीच्या आवाक्यातली नाही, पण बाबा कुठे अडकले, का अडकले आणि ते मोठ्याने कसं सांगतात, हे तिला बघू दे. उत्तर चुकलेलं माणूस उठून जात नाही, तिथेच बसून हसतं आणि पुन्हा बघतं, हे तिला घरातल्या माणसाकडूनच कळायला हवं.

बाईंना भेटाल तेव्हा फुली काढायला लावू नका. ‘तिने गाय या कारणाने निवडली’ एवढंच सांगा. बहुतेक शिक्षकांना असं कारण ऐकायला आवडतं, आणि पुढच्या वेळी त्या स्वतः विचारतील अशी शक्यता आहे.

क्लासला आत्ता घालू नका. ती स्वतःहून कोडी रचायला लागली, इतर मुलांबरोबर करायचं म्हणाली, तर पुढच्या वर्षी बघा. तेव्हाही घालण्याआधी एक तास आत बसायची परवानगी मागा आणि एवढंच लक्षात घ्या, की मुलांनी उत्तर दिल्यावर तिथे ‘कसं दिसलं’ असं कुणी विचारतं का, की घड्याळ लावून पुढचा कागद देतात. घड्याळ दिसलं तर फी भरू नका.